आनंदीबाईंची अमेरिकेतली मावशी

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप घेऊन आपल्या मंडळाचे चिटणीस घरी आले, तेव्हा मी टाळाटाळच केली. मी काही लेखक नाही. सारी नोकरी टपाल खात्यात गेली. दुसऱ्यांची पत्रे ज्याच्या त्याच्या दारी पोचवण्यात आयुष्य सरले. स्वतः लिहायची वेळ फारशी आली नाही. पण चिटणीसही चिवट मराठी माणूस! शेवटी म्हटले, टपालातल्याच एका माणसाच्या बायकोची हकिकत सांगतो. तिचे नाव आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. डॉक्टर आनंदीबाई जोशी. आणि तिचा आपल्या या कोलकात्याशी जो संबंध आहे, तो मात्र इथे चाळीस-चाळीस वर्षे राहूनही आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतो.

त्याचे असे झाले. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मी आणि सौ. हावड्याहून लोकलने श्रीरामपूरला गेलो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळी नदीच्या काठचे श्रीरामपूर. तिथे १८१८ साली स्थापन झालेले जुने कॉलेज आहे. विल्यम केरीसाहेबांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८०५ मध्ये मराठी भाषेचे छापील व्याकरण निघाले ते याच गावातून, याच केरीसाहेबांचे. म्हणजे मराठीचे व्याकरण छापणारे गाव बंगालमधले! आम्ही नदीकाठी बसलो असताना सौ.ने सहज विचारले, इथेच ना आनंदीबाईंचे भाषण झाले होते? मी मान डोलावली खरी, पण मला नीट माहिती नव्हती. घरी आल्यावर पुस्तके काढली आणि वाचत गेलो. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे. घराणे एके काळी जहागिरीचे, पण पुढे दिवस पालटलेले. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा, बिजवर, टपाल खात्यात कारकून. बायकोला शिकवीन ही अट घालून लग्न करणारा हा विक्षिप्त गृहस्थ. त्या काळात नवरे बायकोला पुस्तक हातात घेतले म्हणून मारीत, तर हा तिने अभ्यास सोडून स्वयंपाकघरात वेळ घालवला म्हणून मारी. गंमत म्हणून सांगतात ही गोष्ट, पण तिने हसावे अशी ती नव्हती. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने त्या माराची आठवण स्पष्टपणे करून दिली आहे.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य औषधोपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, हा सल तिच्या मनात कायमचा राहिला. बायकांना पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडायची सोय नव्हती आणि स्त्री डॉक्टर कुठे नव्हतीच. तेव्हा आपणच डॉक्टर व्हायचे, हे तिने ठरवले ते त्या दहा दिवसांच्या बाळाच्या पायी.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि मग कलकत्ता. आपल्यापैकी ज्यांनी केंद्र सरकारच्या नोकरीत ट्रंका बांधल्या आणि सोडल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले, की बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत यायचे आहे, काही मदत होईल का. उत्तर आले ते धर्मांतराचा विचार करावा अशा वळणाचे. गोपाळरावांना ते मान्य नव्हते. विषय संपला. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला होता.

आता टपालवाल्याला मोह आवरत नाही म्हणून सांगतो. पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले तरी कधीकधी बरोबर माणसाला मिळते. १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावच्या एक बाई, थिओडिशिया कार्पेंटर, दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता. समोर पडलेले जुने मासिक त्यांनी चाळायला घेतले आणि त्यात ही पत्रे त्यांच्या नजरेस पडली. दातदुखीच्या वेळी आपण मासिकातले काय वाचतो आणि काय लक्षात ठेवतो? या बाईंनी लक्षात ठेवले. घरी जाऊन त्यांनी हिंदुस्थानातल्या एका अनोळखी मुलीला पत्र लिहिले. अमेरिकेत आलीस तर माझ्या घरी राहा, असा त्याचा मथितार्थ.

या कार्पेंटरबाई श्रीमंत होत्या असे नाही, कोणत्या संस्थेच्या पदाधिकारी होत्या असेही नाही. घरसंसार सांभाळणारी, लेकुरवाळी, श्रद्धाळू ख्रिस्ती बाई. मुलगी कोण, कुठल्या जातीची, घरचे कसे, शिकून पुढे काय करणार, आपला धर्म घेणार की नाही, यातले काहीही त्यांनी आधी विचारले नाही. दार उघडे आहे एवढेच कळवले.

तीन वर्षे ही पत्रे चालली. बोटीच्या टपालाने एकेक पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. पत्रातून इकडचे सणवार तिकडे गेले, तिकडच्या चालीरीती इकडे आल्या. आनंदीबाईंनी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली. कलकत्त्याला आल्यावर तिची प्रकृती बिघडली. सतत डोके दुखे, मधूनच ताप येई, अशक्तपणा जाईना. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही, पण ती औषधे पाठवणारी बाई तोवर तिच्या तोंडालाही लागली नव्हती, हे लक्षात घ्या.

आणि कलकत्त्यात काय होते? हा भाग वाचताना मला जरा ओशाळल्यासारखे झाले. नवऱ्याबरोबर पायी फिरायला निघालेली मराठी बाई हा इथल्या रस्त्यावर तमाशाचा विषय होता. लोक थांबून बघत, टोमणे मारीत. मुंबईलाही तिने हेच सोसले होते. म्हणजे स्वतःच्या देशात ही मुलगी परकी होती, आणि सात समुद्रांपलीकडे तिची मावशी तिची वाट बघत होती.

१८८३ मध्ये गोपाळरावांची श्रीरामपूरला बदली झाली. आनंदीबाईंना एकटीला अमेरिकेला पाठवायचे ठरले. गावात आणि आपल्या मंडळींत मोठी खळबळ उडाली. परदेशगमन म्हणजे धर्म बुडाला, असे मानण्याचा तो काळ. अशा वेळी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या त्या कॉलेजात ही अठरा वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी उभी राहिली आणि इंग्रजीत बोलली. मी का जाते, इथेच का शिकत नाही, एकटी का जाते, जातीबाहेर टाकतील त्याचे काय, अशा एकेका प्रश्नाचे तिने उत्तर दिले. हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. नदीच्या काठच्या त्या इमारतीकडे मी आता पुन्हा गेलो, तर वेगळ्या नजरेने बघेन.

७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीने निघाली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचे कोणी नव्हते. गंमत बघा, त्याच वर्षी कादंबिनी गांगुली यांना कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. या शहराने दार उघडले, पण आपली आनंदी गेल्यानंतर.

४ जून १८८३ रोजी ती न्यू यॉर्कला उतरली. धक्क्यावर कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी तिला रोझेलला आपल्या घरी नेले. तो उन्हाळा ती तिथे घरच्या लेकीसारखी राहिली. तिच्या शाकाहाराला, सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांना, कुंकवाला, साडीला त्या घरात कोणी नाक मुरडले नाही. घरातल्या मुलांशी ती खेळली, त्यांना आपल्याकडच्या गोष्टी सांगितल्या. मावशींच्या मैत्रिणींना तिने आपल्या पद्धतीचा स्वयंपाक रांधून वाढला. पाहुणीने घरधनिणीच्या चुलीचा ताबा घ्यावा आणि घरधनिणीने तो कौतुकाने द्यावा, यापेक्षा पाहुणचाराची मोठी खूण कोणती?

पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. ही संस्था १८५० सालची, स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती देवविली. १८८३ च्या ऑक्टोबरपासून शिक्षण सुरू झाले. तिच्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तीन परक्या मुली एका परक्या गावी, आणि कोणालाही आपला पोशाख उतरवून ठेवायला लागलेला नाही.

पण फिलाडेल्फियाची थंडी मावशीच्या मायेने कमी होणारी नव्हती. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून ती गुजराती पद्धतीची साडी नेसू लागली, तर त्यावरूनही गोपाळरावांची बोलणी पत्रातून आली. अपुरे अन्न, अभ्यासाचा ताण आणि ती हवा, यांनी तिला क्षयाने गाठले. सुट्टी लागली की रोझेलचे घर होते, तेवढाच विसावा.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत दाखल झाले. तिथे त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि त्यांत अमेरिकेवर आणि ख्रिस्ती समाजावर सडकून टीका केली. ज्या घरांनी आपल्या बायकोला आधार दिला, त्यांच्याच अंगणात उभे राहून! आनंदीबाईंची कुचंबणा काय झाली असेल ते सासरमाहेरच्या कात्रीत सापडलेल्या कोणत्याही बाईला विचारा. मावशींनी तेही पोटात घातले. दार एकदा उघडले की आवडत्या पाहुण्यामागून नावडता पाहुणाही आत येतो. पाहुणचाराची परीक्षा होते ती तिथे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून अमेरिकेत आल्या होत्या. एकवीस वर्षे पुरी व्हायला वीस दिवस कमी, आणि पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री! कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिला देऊ केली. ऑक्टोबरमध्ये ती अमेरिकेहून निघाली, नोव्हेंबरात मुंबईला पोचली. शब्द दिल्याप्रमाणे हिंदू म्हणूनच परतली. लोकांनी स्वागत केले, पण माणूस हाती लागायची वेळ निघून गेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने प्राण सोडला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकाही रुग्णाची नाडी तिला कोल्हापुरात बघता आली नाही.

आणि आता शेवटची गोष्ट. गोपाळरावांनी तिची रक्षा मावशींकडे अमेरिकेला पाठवली. कार्पेंटर मावशींनी ती न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. वर दगड बसवला, त्यावर शिक्षणासाठी देश सोडून गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री म्हणून तिची नोंद केली. तो दगड आजही तिथे आहे. सात वर्षांपूर्वी एका मासिकात भेटलेली मुलगी, आणि तिला जागा दिली ती स्वतःच्या घरच्या माणसांमध्ये. घरी ये म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा शब्द इतका लांबवर पाळणारे माझ्या पाहण्यात नाहीत.

आनंदीबाईंवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. कॅरोलाइन डॉल या बाईंनी १८८८ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिले, आपल्या काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिचे नाव दिले आहे. मावशीच्या नावाने मात्र आपल्याकडे कुठे काही असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वाचकहो, इथे हा लेख संपवता आला असता. पण तो लिहायला घेतला त्याचे खरे कारण अजून सांगितलेले नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात मी आणि सौ. बदलीवर या शहरात उतरलो, तेव्हा बंगाली भाषेचा गंध नव्हता. भवानीपूरच्या एका जुन्या घरात वरची खोली भाड्याने मिळाली. घरमालकीण वयस्कर, एकटी बाई. पहिल्याच रात्री गुडघाभर पाणी तुंबले, चूल पेटवायची सोय नाही. ती बाई जिना चढून वर आली ती खिचडी आणि तळलेली वांगी घेऊन. आम्ही मासे खात नाही हे कळल्यावर तिने आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात आलू-पोस्तो करायला सुरुवात केली, आणि ते भांडे शेवटपर्यंत वेगळेच ठेवले. तिला आम्ही सगळ्यांसारखे माशीमा म्हणायचो. माशीमा म्हणजे मावशी, हा अर्थ मला त्यानंतर काही महिन्यांनी लागला. माझ्या थोरल्या मुलीचे बाळंतपणातले बाळंतविडेही तिनेच केले.

आता गेल्या वर्षीचे. उत्सवाच्या आधी आठ-दहा दिवस मला एक फोन आला. विदर्भातली एक मुलगी, परीक्षेसाठी एकटीच येत होती, गाडी रात्री उशिरा पोचणार होती. मंडळाच्या पत्रकावर माझा नंबर होता. दोन रात्री कोणा मराठी घरी सोय होईल का, असे तिने फार संकोचाने विचारले. मी तिला गाव विचारले, आडनाव विचारले, वडील काय करतात ते विचारले. मग घरात रंगकाम चालू आहे असे सांगितले आणि तीन हॉटेलांचे नंबर दिले. रंगकाम चालू होते हे खरे. पण फक्त दिवाणखान्यात. आतली खोली रिकामी होती.

परीक्षेनंतर ती मुलगी काही दिवस शहरात राहिली असावी, कारण चतुर्थीला ती आपल्या मंडपात आली. अथर्वशीर्षाला बसली, नंतर पदर खोचून पंगतीत वाढायला उभी राहिली. वाढता वाढता तिने सौ.ला हसत सांगितले, की पहिली रात्र हावडा स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढली, हॉटेलात एकटीने जायचा धीर झाला नाही. मी शेजारीच बसलो होतो. आवाज ओळखला. माझ्या पानात तिने मोदक वाढला आणि आग्रहाने वर तूप घातले. तो फोन मी घेतला होता, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सौ.ला मी ते त्या रात्री सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आतल्या खोलीतल्या ट्रंका आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढले आणि तिथे पलंग लावला. तो तेव्हापासून तसाच आहे, धुतलेल्या चादरीसकट.

माझी आपल्या सर्व सभासदांना एक विनंती आहे. यंदा वर्गणीच्या टेबलावर पावतीपुस्तकाशेजारी एक साधी वही ठेवलेली असेल. परगावाहून येणाऱ्या अनोळखी माणसाला दोन रात्री घरी ठेवून घेऊ शकतील, अशांनी त्यात नाव आणि फोन लिहावा. मराठीच माणूस हवा असे नाही. माशीमा काही मराठी नव्हती, आणि रोझेलची मावशीही नव्हती. वहीचे पहिले पान मी आणि सौ.ने भरले आहे. ती मुलगी हा अंक कधी वाचेल की नाही, ठाऊक नाही. वाचला तर तिने एवढे समजावे, की पुढच्या खेपेला गाडी कितीही वाजता पोचो, स्टेशनवर घ्यायला एक म्हातारा टपालवाला उभा असेल.

गणपती बाप्पा मोरया!